पानिपतच्या पत्राआड झाकलेला अनुवादक

पानिपतावरील चर्चेत शाह वलीउल्लाह देहलवी हे नाव अनेकदा येते ते एकाच संदर्भात : मराठे व जाट यांच्याविरुद्ध अहमदशाह अब्दालीला पाचारण करणारे पत्र लिहिणारा दिल्लीचा आलिम. त्या पत्राकडे वळूच. परंतु त्याच्या वीसेक वर्षे आधी या विद्वानाने जे काम केले, त्याविषयी मराठीत क्वचितच बोलले जाते.

जन्म १७०३ चा, औरंगजेबाच्या मृत्यूपूर्वी चार वर्षे. वडील शाह अब्दुर्रहीम दिल्लीत मदरसा रहीमिया चालवीत. त्यांच्या निधनानंतर ऐन तारुण्यातच अध्यापनाची धुरा वलीउल्लाहांकडे आली. पुढे १७३१ मध्ये ते हजला गेले, मदीनेत हदीस शिकले आणि दिल्लीला परतले.

कुराणाची भाषा अरबी, तर दिल्लीतल्या साक्षरांची फारसी. मुले ग्रंथ पाठ करीत, अर्थ मात्र उलेमांपाशीच राही. वलीउल्लाहांनी १७३८ च्या सुमारास 'फत्हुर्रहमान' हा फारसी अनुवाद पूर्ण केला. तो कोणासाठी, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे : कारागिरांच्या आणि शिपायांच्या मुलांसाठी! मला हे वाक्य त्यांच्या साऱ्या राजकीय पत्रांहून मोलाचे वाटते.

फारसी अनुवाद त्यापूर्वीही झाले होते; पण त्यांचे समाधान होईना. शब्दास शब्द ठेवावा, तर फारसी वाक्य मोडते. केवळ आशय सांगावा, तर अनुवादकाचे मत मूळ वचनात मिसळते. या पेचावर त्यांनी अनुवादाच्या नियमांची एक छोटी पुस्तिकाच लिहिली आणि मधला मार्ग शोधला.

आता पत्र. ते लिहिणारा हाच माणूस, हे झाकण्यात अर्थ नाही. तथापि, पानिपतचे मूळ त्या एका पत्रात शोधणे भाबडेपणाचे ठरेल. १७५८ मध्ये मराठे लाहोरात शिरले होते. पंजाब परत मिळवणे ही अब्दालीची स्वतःची गरज होती. शिवाय नजीबखान रोहिल्यासारखा मुत्सद्दी त्याच्या बाजूने होताच.

पानिपतानंतर सुमारे दीड वर्षाने, १७६२ मध्ये वलीउल्लाह वारले. फारसीचा दरबारी मान ओसरत चालला होता. तेव्हा त्यांच्या दोन पुत्रांनी कुराण उर्दूत आणले. शाह रफीउद्दीन शब्दाशब्दाला धरून चालले. शाह अब्दुल कादिर यांनी बोलीचा ओघ राखला. वडिलांनी ज्या दोन वाटांमधून मार्ग काढला होता, त्यांतील एकेक वाट दोघा भावांनी धरली. अब्दुल कादिरांचा अनुवाद १७९० च्या सुमारास पूर्ण झाला. त्याच्या भाषेला ते स्वतः 'हिंदी' म्हणत.