डिस्क एक, घरं तीन

"बाहेरची हार्डडिस्क कुठली घेऊ रे?" हा प्रश्न आमच्या गोतावळ्यात दर दिवाळीच्या आसपास कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव आणि किंमत हवी असते. मी मात्र उलटा प्रश्न टाकतो: ती डिस्क कुणाकुणाच्या घरी जाणार आहे? कारण आमच्याकडे थोरल्या दादाचं सगळं विंडोजवर, न्यू जर्सीतल्या भाचीकडे मॅक, आणि आमचे चिरंजीव लिनक्सवाले. डिस्कवर काय, तर आजोळच्या वाड्याचे स्कॅन केलेले फोटो, कॅसेटींवरून उतरवलेल्या मामांच्या गप्पा आणि घरातल्या लग्नांचे व्हिडिओ. वाडा आता नाही, मामाही नाहीत. म्हणून ही डिस्क तिन्ही घरांत उघडली पाहिजे, आणि अजून पंधरा-वीस वर्षांनीही उघडली पाहिजे.

आता गंमत अशी की डिस्क उघडते की नाही हे डिस्कवर ठरतच नाही. ते ठरतं तिच्यावर आखलेल्या फाइल सिस्टिमवर. तिचा इतिहास थोडा सांगतो, म्हणजे उत्तर आपोआप कळेल.

आयबीएमने १९५६ साली रामॅक हे यंत्र आणलं. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या आसपास, आणि माहिती मावायची ५० लाख अक्षरं. आज फोनवर काढलेल्या दोन-तीन फोटोंत ते संपेल. पण अडचण तेव्हाही तीच होती जी आज आहे. तबकडीवर माहिती ठेवली, पण कुठे ठेवली हे लक्षात कसं ठेवायचं? त्यासाठी पुस्तकाला असते तशी अनुक्रमणिका लागते.

घरगुती कॉम्प्युटरांसाठी अशी एक अनुक्रमणिका मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी १९७७ मध्ये लिहिली. तिचं नाव फॅट. कल्पना अगदी साधी. डिस्कचे सारखे तुकडे पाडायचे आणि एका तक्त्यात प्रत्येक तुकड्यासमोर 'पुढचा तुकडा अमुक' असं लिहून ठेवायचं. लपवलेल्या खजिन्याच्या खेळात एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असतो ना, तसंच. टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये आपल्या ८६-डॉससाठी हीच कल्पना उचलली, पुढे ते डॉस मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, आणि आयबीएम पीसीबरोबर फॅट जगभर पोचलं.

ही अनुक्रमणिका फ्लॉपीसाठी होती. डिस्का मोठ्या होत गेल्या तसे तक्त्याचे रकाने रुंद करत न्यावे लागले. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ आलं. त्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांची जागा आहे, त्यामुळे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ कॉपी करताना 'फाइल फार मोठी आहे' असं कॉम्प्युटर म्हणतो आणि डिस्कवर तर भरपूर जागा रिकामी दिसते, त्यामागचं कारण हे!

याहून मजेदार कथा ३२ जीबीची. फॅट३२ ची डिस्क त्याहून बरीच मोठी असू शकते, पण विंडोज मात्र ३२ जीबीच्या पुढे फॅट३२ आखून द्यायला नकार द्यायचं. विंडोजची फॉरमॅटची खिडकी लिहिणारे डेव्ह प्लमर यांनी नंतर सांगितलं की १९९४ च्या अखेरीस त्यांनी ती तात्पुरती म्हणून लिहिली आणि मर्यादेचा आकडा त्या सकाळी स्वतःच ठरवला. आदेश टाइप करून मोठी डिस्क फॅट३२ मध्ये आखायची सोय मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये चाचणी आवृत्तीत दिली. तात्पुरती सोय तीस वर्षं टिकते हे आपल्याला नवीन नाही म्हणा!

दरम्यान प्रत्येकाने आपापली वेगळी चूल मांडली. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस आणलं. ॲपलचं एचएफएस १९८५ चं, त्याचं एचएफएस प्लस १९९८ मध्ये आलं आणि एपीएफएस २०१७ मध्ये. लिनक्सवाल्यांचं एक्स्ट २, ३, ४ असं घराणं १९९३ ते २००८ या काळात वाढलं. या नव्या पद्धतींमध्ये एक मोठी सुधारणा होती. पक्का हिशोब करण्याआधी दुकानदार कच्च्या वहीत नोंद करतो, तशी बहुतेकांनी जर्नल नावाची वही ठेवली. मध्येच वीज गेली तर वही पाहून गाडी रुळावर आणता येते. फॅटकडे अशी वही नाही.

याच काळात तारांचं भांडण मात्र मिटलं. १९९६ मध्ये यूएसबी आलं, १९९८ च्या आयमॅकने फ्लॉपी काढून टाकून यूएसबीवर भिस्त ठेवली, आणि २००० च्या यूएसबी २ मुळे बाहेरच्या डिस्का कामापुरत्या वेगवान झाल्या. दार सगळ्यांचं एक झालं, पण आत शिरल्यावर बोली वेगळ्या. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. विंडोजला मॅकच्या डिस्का जादा सॉफ्टवेअरशिवाय कळत नाहीत. लिनक्सची मुलं तेवढी सगळ्यांची बोली शिकत बसली. एनटीएफएसवर भरवशाने लिहिणारं एनटीएफएस-३जी २००७ मध्ये स्थिर झालं.

आणि आपल्या मराठीचाही यात एक धागा आहे. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा 'र' आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. एचएफएस प्लस फाइलचं नाव साठवताना अशा अक्षरांची फोड करायचं. एनटीएफएस आणि एक्स्ट४ दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवतात. त्यामुळे 'दुसऱ्या दिवशीचे फोटो' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी, डोळ्यांना तंतोतंत सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र वेगळे, असं होऊ शकतं.

मग समेट कुठे झाला? मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट काढलं. फॅटसारखंच हलकं, पण ४ जीबीची अट नाही. २००९ मध्ये ३२ जीबीवरच्या एसडी कार्डांसाठी तेच ठरलं, २०१० मध्ये मॅकने ते स्वीकारलं. लिनक्सची अडचण पेटंटांची होती. फॅटच्या लांब नावांवरून मायक्रोसॉफ्टने २००९ मध्येच टॉमटॉम कंपनीवर दावा लावला होता, त्यामुळे सगळे बिचकून होते. अखेर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा तपशील खुला केला, आणि त्याच वर्षी ते लिनक्सच्या गाभ्यात शिरलं. म्हणजे तिन्ही घरांत बिनदिक्कत लिहिता येईल अशी मोठी डिस्क ही खरं तर परवापरवाची गोष्ट आहे.

तर मंडळी, थोडक्यात सांगायचं तर:

घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकचा टाइम मशीन बॅकअप घ्यायचा असेल तर त्याला वेगळी डिस्क द्या, ती फिरवू नका. जुना टीव्ही किंवा गाडीतला प्लेयर एवढंच चालवायचं असेल तर छोट्या पेनड्राइव्हवर फॅट३२. आणि डिस्क पुण्याहून न्यू जर्सीला आणि परत अशी फिरणार असेल तर एक्सफॅट. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा हे काम डिस्क रिकामी असतानाच उरका.

१ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. मॅक २००९ पासून हजाराच्याच पटीत मोजतो, त्यामुळे भाचीला तीच डिस्क पुरेपूर भरेल.

एक मात्र विसरू नका. जी पद्धत सगळ्यांना चालते ती सगळ्यांत भक्कम नसते. एक्सफॅटकडे कच्ची वही नाही, आणि जुनं फॅट अनुक्रमणिकेच्या दोन प्रती ठेवायचं तिथे हे बहुधा एकच ठेवतं. कॉपी चालू असताना तार उपटली तर माहिती जागेवर असूनही पत्ता हरवतो. म्हणून 'इजेक्ट' म्हणायचा आळस करू नये. आणि फिरणारी डिस्क ही निरोप्या समजावी, तिजोरी नव्हे. मामांच्या गप्पांच्या तीन प्रती आता तीन घरांत, त्या त्या घरच्या बोलीतल्या डिस्कांवर आहेत. एक्सफॅटची डिस्क फक्त त्यांच्यामध्ये ये-जा करते.

जुन्या पोथ्याही अशाच टिकल्या. एकच प्रत भारी कापडात बांधून ठेवणाऱ्यांपेक्षा गावोगाव नकला करून देणाऱ्यांकडच्या जास्त राहिल्या. डिस्क कुठलीही घ्या मंडळी, पण एकटी ठेवू नका.