दिनविशेष : २२ ऑक्टोबर
१८४४ : ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहत अमेरिकेत हजारो भाविक जागले. बायबलमधील दानीएलच्या ग्रंथातले २३०० दिवस म्हणजे वर्षे मानून, इसवी सनपूर्व ४५७ पासून मोजत शेतकरी-उपदेशक विल्यम मिलर १८४४ पर्यंत पोहोचले. नेमकी तारीख अनुयायी सॅम्युएल स्नो यांनी मांडली. शहापूरकडे धान कापणीला येतो त्याच दिवसांत तिकडे ख्रिस्त येणारच म्हणून काहींनी बटाटे जमिनीतच राहू दिले. पहाट झाली, ख्रिस्त आले नाहीत. भाविक ढसाढसा रडले. त्यांच्यातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथ संघटित झाला. पुण्याचे स्पायसर विद्यापीठ त्याचेच. हा पंथ आता तारीख सांगत नाही. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वचनच खरे मार्गदर्शक. श्रद्धा जपावी, तिला तारखेच्या दावणीला बांधू नये.