ऑनलाइन औषधविक्रीतील आरोग्यविदेचे संरक्षण

ऑनलाइन औषधविक्रीतील आरोग्यविदेचे संरक्षण म्हणजे संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲपद्वारे औषधे विकताना ग्राहकाच्या आजाराविषयी जी माहिती विक्रेत्याकडे जमा होते, तिची गोपनीयता राखण्यासाठी योजलेले कायदेशीर व तांत्रिक उपाय होत. अशा साठवलेल्या माहितीस विदा किंवा डेटा म्हणतात. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. औषधविषयक, माहिती तंत्रज्ञानविषयक व वैयक्तिक विदाविषयक अशा निरनिराळ्या कायद्यांतील तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

विदेचे स्वरूप

औषधाच्या नावावरून आजार ओळखता येतो, हे या प्रश्नाचे मूळ आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्यूटेग्रेव्हिर यांची एकत्रित गोळी एचआयव्हीच्या उपचाराकडे निर्देश करते. रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड क्षयरोगाकडे, तर लिथियम कार्बोनेट मनोविकाराकडे. त्यामुळे ग्राहकाने आजाराचा उल्लेख कोठेही केला नसला, तरी त्याच्या मागणीची यादी हेच त्याचे आरोग्यपत्रक ठरते.

दुकानाच्या फळीवर झालेली खरेदी बहुधा दुकानदाराच्या स्मरणात व बिलबुकात राहते. ऑनलाइन खरेदीत मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र, घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक, पैसे भरल्याची नोंद आणि औषध पुन्हा कधी लागेल याचा अंदाज एकाच खात्यावर जमा होतो. पुष्कळ ॲप स्वतः औषध देत नाहीत. ती मागणी परवानाधारक दुकानाकडे वळवतात. साहजिकच ॲप, दुकान, घरपोच सेवा व पैसे वळते करणारी संस्था अशा अनेकांच्या हाती तीच माहिती जाते. जाहिरातीसाठी बसवलेली माग काढणारी साधने असल्यास केवळ शोधलेले, पण न घेतलेले औषधही नोंदले जाते.

चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांची मागणी ‘आरोग्यविदा’ ठरते काय, हा प्रश्न जर्मनीतील लिंडेन-अपोथेके या औषधालयाच्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला. ॲमेझॉनवरून औषधे मागवताना दिलेले नाव, पत्ता व औषधाचा तपशील ही आरोग्यविदाच होय, असा निर्णय 4 ऑक्टोबर 2024 रोजी देण्यात आला. औषध घरातील दुसऱ्या कुणासाठी असण्याची शक्यता असली तरी संरक्षण कमी होत नाही, असेही त्यात म्हटले आहे. भारतीय कायद्यात इतके स्पष्ट विवेचन अद्याप आढळत नाही.

भारतातील कायदे

औषधविक्रेत्याने गिऱ्हाइकाची नोंद ठेवणे हे मुळात कायद्यानेच बंधनकारक आहे. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या अनुसूची एच-1 मधील औषधांसाठी डॉक्टर व रुग्ण यांची नावे आणि औषधाचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. औषधव्यवसायासाठी 2015 मध्ये लागू झालेल्या विनियमांनी व्यवसायात कळलेले रुग्णाचे गुपित फोडण्यास नोंदणीकृत औषधनिर्माणशास्त्रज्ञाला मनाई केली. न्यायालयाचा आदेश, गंभीर धोका व अधिसूचित रोग हे त्यास अपवाद आहेत. 2018 पासून क्षयरोगावरील औषधे दिल्याची माहिती शासनाला कळवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील 2011 च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्य आणि वैद्यकीय इतिहास यांना ‘संवेदनशील’ माहितीचा दर्जा दिला. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या एचआयव्ही व एड्सविषयक कायद्याने आणि मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्या त्या रुग्णांच्या गोपनीयतेची स्वतंत्र हमी दिली.

28 ऑगस्ट 2018 रोजी केंद्र सरकारने ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. ग्राहकाची माहिती अन्य कामासाठी वापरू नये, ती देशाबाहेर नेऊ नये आणि सार्वजनिक आरोग्यासाठी शासनाखेरीज कुणालाही देऊ नये, अशा तरतुदी त्यात होत्या. औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेने ऑनलाइन विक्रीलाच विरोध करून त्या वर्षी 28 सप्टेंबरला देशव्यापी बंद पाळला. विक्री असावी की नसावी या वादात विदेचा मुद्दा मागे पडला. मसुद्याला अंतिम रूप मिळाले नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्ग नाही. रक्तदाबाच्या गोळीची नोंद आणि कपड्यांच्या खरेदीची नोंद यांना त्यात तत्त्वतः एकच नियम लागू होतो. औषधव्यवहाराशी निगडित उदाहरणे मात्र अधिनियमातच आहेत. दूरवैद्यक ॲपने फोनमधील संपर्कयादी मागितली व ग्राहकाने होकार दिला, तरी सेवेसाठी ती यादी आवश्यक नसल्याने त्या होकाराला अर्थ उरत नाही. औषधाच्या दुकानात पावतीच्या संदेशासाठी दिलेला क्रमांक पावती पाठवण्यापुरता वापरता येतो. पुरेशी सुरक्षा न राखल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, ग्राहकाला मिळत नाही. नुकसानभरपाईची वाट दाखवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 43-अ वगळण्याचीही तरतूद याच कायद्यात आहे. पीडित ग्राहकाच्या दृष्टीने ही या कायद्याची सर्वांत दुबळी बाजू मानावी लागते. त्याखालील नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. प्रमुख जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे.

माहिती उघडी पडण्याच्या घटना

डिसेंबर 2016 मध्ये मुंबईतील एका रोगनिदान प्रयोगशाळेचे हजारो अहवाल, एचआयव्ही चाचण्यांसह, इंटरनेटवर कुणालाही पाहता येतील अशा स्थितीत आढळले. कुणी चोरी केली नव्हती. संगणकीय कपाटाला कुलूपच नव्हते. जर्मनीतील ग्रीनबोन या कंपनीच्या पाहणीत क्ष-किरण व तत्सम प्रतिमांचे असुरक्षित साठे भारतात आढळले, त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. कागदही सुटत नाही: लंडनमधील डोअरस्टेप डिस्पेन्सरी या औषधालयाने रुग्णांची पुष्कळ कागदपत्रे कुलूप नसलेल्या खोक्यांत ठेवल्याबद्दल डिसेंबर 2019 मध्ये त्यास 2,75,000 पौंड दंड झाला.

सोलापूरसारख्या शहरांतील स्वरूप

जिल्ह्याच्या ठिकाणी ‘ऑनलाइन’ खरेदी मोठ्या ॲपपुरती मर्यादित नसते. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर ओळखीच्या दुकानाला पाठवला जातो. औषध घरी पोहोचते, परंतु फोटो दुकानातील कामगाराच्या खासगी फोनमध्येही राहू शकतो. अशा व्यवहारासही 2023 चा अधिनियम लागू होतो. दुकानाचा स्वतंत्र फोन ठेवणे, औषध दिल्यावर छायाचित्र पुसणे, कायद्याने आवश्यक तेवढीच नोंद ठेवणे आणि पुडक्यावर औषधाचे नाव न लिहिणे हे त्यावरील साधे उपाय होत. चाळीत किंवा वाड्यात पुडके बहुधा शेजारी घेतात, म्हणून शेवटच्या उपायाचे महत्त्व अधिक.

संमतीची भाषा हा सोलापुरात विशेष जाणवणारा प्रश्न आहे. शहराच्या पूर्व भागातील विणकर पद्मशाली समाजात तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड आणि शहरातील मोठ्या वस्तीत उर्दू बोलली जाते. माहिती घेण्यापूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला देणे 2023 च्या अधिनियमाने आवश्यक केले आहे. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. वृद्ध रुग्णाची मागणी पुष्कळदा मुलगा किंवा नात आपल्या फोनवरून नोंदवते. तेव्हा ‘मान्य’ हे बटण दाबणारी व्यक्ती आणि जिच्या आजाराची नोंद होते ती व्यक्ती वेगळी असते. 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. स्वतः फोन न वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठी तशी स्वतंत्र तरतूद नाही.