इंग्रजी अध्यापनातील चित्रसाधने : नेर परिसराच्या संदर्भात

चित्राधारे परकी भाषा शिकविण्याचा विचार नवा नाही. कोमेनियसने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथून लॅटिनचे सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात या विचाराची खरी कसोटी २००० साली लागली. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कार्यकाळात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून शिकविले जाई. पाचवीतील मूल मराठी वाचू शकत असे, म्हणून भाषांतर पद्धती निभावून जाई. पहिलीत अक्षरओळखच नसते. तेथे चित्र अपरिहार्य ठरते. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतील तक्ते यासाठी आयते हाताशी होते, असे म्हणता येईल. पण ते भाषेसाठी कितपत वापरले गेले, हा वेगळा प्रश्न.

नेर तालुका ज्या यवतमाळ जिल्ह्यात येतो, तेथे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. घरी गोरमाटी, कोलामी वा गोंडी बोलणाऱ्या मुलांना प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते. भाषांतरामुळे त्यांना दोन पायऱ्या चढाव्या लागतात. चित्र मधली पायरी गाळते. अर्थात चित्र ओळखीचे हवे. इग्लूचा तक्ता दाखविल्यास आधी इग्लूच समजावून सांगावा लागतो, आणि तोही मराठीतूनच! कापसाचे बोंड किंवा तुरीची शेंग दाखविली, की नवा उरतो तो केवळ शब्द. शिक्षकाने फळ्यावर काढलेली ओबडधोबड बैलगाडी म्हणूनच छापील तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.