चवदार तळ्याच्या काठी



आपण वारीला जाता, आळंदी-देहूला जाता. एकदा वाकडी वाट करून महाडासही जावे, एवढे मागण्यासाठी आज लिहितो आहे. रायगडावर जाणारे पुष्कळ जण महाडावरूनच जातात, पण थांबतात ते चहापुरते. मीही वर्षानुवर्षे तेच केले.

महाड हे सावित्रीच्या काठचे गाव. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी घाट उतरते, महाडाशी गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर होड्या वर येत, त्यामुळे येथे जुनी बाजारपेठ वसली. नदीने गाव पोसले आणि बुडवलेही. जुलै २०२१ चा पूर महाडकर अजून विसरलेले नाहीत.

प्रथम गांधारपाल्याची लेणी पाहावीत. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. चैत्य आहे, भिक्षूंच्या खोल्या आहेत, ब्राह्मी लिपीतले लेख आहेत आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्या टाक्यांपाशी क्षणभर बसावे. ज्या कोणी ती खोदली, त्याने पुढे येणाऱ्या तहानलेल्याची आठवण ठेवली होती.

मग गावात उतरून चवदार तळ्यावर यावे. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर पूर्वीचीच बंदी चालली. गुरेढोरे पाणी पीत, माणसाला मात्र ते वर्ज्य होते.

२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेस आलेले हजारो लोक रांगेने तळ्याकडे निघाले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांनी ओंजळ भरली आणि पाणी प्यायले. मग सर्वांनी प्यायले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई उठली. परतणाऱ्या, जेवत बसलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. त्यानंतर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले.

त्याच डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. कोर्टाची मनाई असल्याने तळ्यावर जाणे थांबले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते आणि मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. तळ्याचा दावा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे लागली.

आता माझी गोष्ट सांगतो. तरुणपणी महाडात एका सप्ताहात माझे कीर्तन होते. एकनाथ महाराजांचा दृष्टांत घेतला होता. काशीहून रामेश्वराला नेलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. टाळकऱ्यांनी साथ उत्तम दिली, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले. सकाळी नारळ-उपरणे घेऊन मी एस.टी. धरली. चवदार तळे तेथून चार पावलांवर होते. गाढवाला पाणी मिळाले म्हणून रात्री मी रडलो आणि जेथे माणसाला पाणी नाकारले, ती जागा न पाहताच निघालो. मला कोणी अडवले नव्हते. पाहावे असे वाटलेच नाही.

सत्तरी ओलांडल्यावर तेथे गेलो. मधोमध बाबासाहेबांचा पुतळा, भोवती बांधीव काठ, शांत पाणी. पायरीवर बसलो तेव्हा चोखोबा आठवले. त्यांची समाधी पंढरीला महाद्वारापाशी, आत नव्हे. आम्ही पिढ्यान् पिढ्या त्या पायरीला हात लावून आत गेलो, पण चोखोबांच्या लेकरांना आत घ्या म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. चोखोबांचे नाव तर आमच्या ओठांवर रोज होते.

म्हणून विनंती अशी. सकाळी लेणी पाहा, दुपारी क्रांतिस्तंभ आणि डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक पाहा. वीरेश्वराचेही दर्शन घ्या. दिवस कलताना तळ्यावर बसा. नातवंडे बरोबर असतील तर १०८ घागरींची गोष्ट त्यांना सांगा, आपल्या माणसांनी केली म्हणून झाकू नका. आणि आपण कीर्तनकार असाल, तर नाथांच्या कावडीचा दृष्टांत पुन्हा घेण्यापूर्वी हे तळे एकदा पाहून या.