रव आणि यदृच्छा : बारामती-इंदापूरच्या पालखीमार्गापासून अहमदाबादच्या मूग-संचापर्यंत

१

भारतीय संगीतशास्त्राने नादाचा जितका सूक्ष्म विचार केला तितका रवाचा केला नाही. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त नादाची उत्पत्ती, त्याचे आहत व अनाहत हे भेद, श्रुती आणि स्वर यांची क्रमवार मांडणी केली. ताल व वाद्ये यांना त्याने स्वतंत्र अध्याय दिले. ज्या ध्वनीस निश्चित उंची नाही त्याला मात्र स्वरविचारात स्थान मिळाले नाही, आणि पुढील काळात ‘संगीत’ व ‘गोंगाट’ हे शब्द एकमेकांचे विरोधी म्हणूनच वापरले गेले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉड्युलर सिंथेसायझर हे विद्युत्-वाद्य निर्माण झाले, आणि या विरोधाचा फेरविचार करणे प्राप्त झाले. हे वाद्य एकसंध नसते. ध्वनी उत्पन्न करणारे, गाळणारे व त्याचे मान कमीअधिक करणारे निरनिराळे घटक तारांनी जोडून वादक आपला संच सिद्ध करतो, आणि एका घटकाचा विद्युत्-दाब दुसऱ्या घटकाचे नियंत्रण करतो. अशा संचात शुद्ध रव देणारा व यदृच्छेने बदलणारा दाब पुरविणारा घटक आरंभापासूनच आढळतो. हे घटक म्हणजे पाश्चात्त्य प्रयोगशीलतेने संगीतात आणलेले अराजक होय, येथील कानाशी त्यांचा संबंध नाही, असे मत मांडता येण्यासारखे आहे. ते इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हे येथे पाहावयाचे आहे.

२

प्रथम येथील कानाचा विचार करू जाता, पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील एक उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली ही पालखी बारामतीस मुक्काम करून काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास येते. प्रत्येक दिंडीत एक विणेकरी, एक मृदंगवादक आणि अनेक टाळकरी असतात. भजनाची चाल ठरलेली, ठेका ठरलेला. परंतु दिंडीचा जो ध्वनी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या श्रोत्यास ऐकू येतो, त्यात ठरलेल्या गोष्टींइतकाच न ठरलेल्या गोष्टींचाही वाटा असतो.

टाळ हे घनवाद्य. त्याच्या कंपनांतील घटक-कंप्रतांचे प्रमाण तंतुवाद्याप्रमाणे पूर्णांकी नसते, त्यामुळे त्याचा स्वर निश्चित सांगता येत नाही. शिवाय कोणतेही दोन टाळ अगदी सारखे नसतात, आणि कोणतेही दोन हात अचूक एकाच क्षणी पडत नाहीत. त्यात अंतराची भर पडते. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर आहे. ३४ मीटर लांबीची दिंडी घेतली, तर तिच्या अग्रभागी असलेल्या श्रोत्यास शेवटच्या ओळीतील टाळ पहिल्या ओळीतील टाळानंतर एक-दशांश सेकंदाने ऐकू येतो. सारे टाळ एकाच क्षणी वाजले तरीही हे घडते. म्हणून प्रत्येक आघात हा बिंदू न राहता ठेक्याभोवती पसरलेला पट्टा बनतो. तसेच शंभर टाळांच्या कंपनांची कला एकमेकींशी जुळली असती तर एकत्रित कंपनाचा विस्तार शंभरपट झाला असता. कला परस्परांशी असंबद्ध असल्याने केवळ ऊर्जांची बेरीज होते, आणि विस्तार सुमारे दहापटच वाढतो. दिंडीचा घोष भव्य असूनही कानास बोचत नाही, याचे एक कारण येथे आहे.

बेलवडीच्या गोल रिंगणात ही भूमिती पालटते. पालखी मध्यभागी आणि वारकरी भोवती असल्याने मध्याजवळच्या श्रोत्यापासून टाळकऱ्यांची अंतरे बरीचशी सारखी होतात, आघातांचा पसरटपणा घटतो व ठेका अधिक रेखीव भासला पाहिजे. याचा अर्थ असा की, सरळ रस्ता आणि वर्तुळ या दोन रचनांमुळे यदृच्छेचे प्रमाण बदलते. ते कोणी हेतुपुरस्सर ठरविलेले नाही. पण ते आहे, आणि श्रोत्याचा कान त्यास सरावलेला आहे.

युरोपात असाच अनुभव यानिस झेनाकिस या ग्रीक संगीतकाराने सिद्धान्तरूपाने मांडला. कठीण पृष्ठभागावर पडणारा पाऊस, उन्हाळ्यातील रातकिड्यांसारख्या कीटकांचा घोष आणि घोषणा देणारा प्रचंड जनसमुदाय ही उदाहरणे घेऊन, असंख्य स्वतंत्र ध्वनींचा समुच्चय संभाव्यतेच्या नियमांनी आकारास येतो, असे त्याने १९६३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले.

३

विद्युत्-रवाचा शोध संगीताच्या क्षेत्रात लागला नाही. वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्ये निर्वात नळीतील रवाचे विवेचन केले. विद्युत्-प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असल्याने तो सूक्ष्म प्रमाणात अनियमितच असणार, हे त्यांचे प्रतिपादन. पुढे बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी साध्या रोधकातील औष्णिक रव मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती दिली. दोघांचे निबंध १९२८ चे. रव-दाबाच्या वर्गाची सरासरी ही रोध, निरपेक्ष तापमान आणि कंप्रतापट्ट्याची रुंदी यांच्या सम प्रमाणात असते. १०,००० ओहमचा रोधक, २७ अंश सेल्सिअस तापमान आणि २०,००० हर्ट्झचा पट्टा घेतल्यास हा दाब सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट येतो. दूरध्वनी-अभियंत्यास हा शत्रू होता. संदेश कितीही वाढविला तरी त्याच्याबरोबर रवही वाढतो.

वाद्यनिर्मात्यास नेमका तोच हवा होता. १.८ मायक्रोव्होल्टचा एक व्होल्ट करण्यास साडेपाच लाखपट वर्धन लागते. म्हणून सिंथेसायझरमध्ये सामान्यतः ट्रान्झिस्टरच्या एका संधीवर उलटा दाब देऊन ती भंगावस्थेत नेतात. तेथील रव कितीतरी प्रबळ असतो. दर हर्ट्झला समान ऊर्जा असलेल्या रवास श्वेत रव म्हणतात. त्यात ५,००० ते १०,००० हर्ट्झ या सप्तकाला १०० ते २०० हर्ट्झ या सप्तकाच्या पन्नासपट ऊर्जा मिळते, म्हणून तो फुसफुसणारा वाटतो. प्रत्येक सप्तकास समान ऊर्जा मिळावी अशी गाळणी लावली की गुलाबी रव मिळतो. तात्पर्य, कोणताही संस्कार न केलेला रव या वाद्यात क्वचितच ऐकविला जातो. गाळणीने अरुंद केलेला, झटकन उठून सावकाश विरणारा रव झांजेची आठवण देतो; खाली उतरत जाणारा रव वाऱ्याची.

४

रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये आपले पहिले दाबनियंत्रित घटक तयार केले. एका व्होल्टला एक सप्तक हे त्यांचे प्रमाण पुढे बहुतेकांनी स्वीकारले. त्यांच्या संचातील ९०३ क्रमांकाचा घटक श्वेत व गुलाबी रव देत असे. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथे मॉर्टन सबॉटनिक व रॅमोन सेंडर यांच्या सांगण्यावरून डॉन बुक्ला यांनी वेगळ्या दृष्टीचा संच रचला. पुढील काळातील आपल्या यादृच्छिक घटकास त्यांनी ‘अनिश्चिततेचा उगम’ या अर्थाचे नाव दिले.

रवापासून यादृच्छिक दाब मिळविण्याची सर्वांत प्रचलित रीत अशी : सतत बदलणाऱ्या रवाचे मूल्य घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला क्षणमात्र टिपावयाचे आणि पुढील ठोक्यापर्यंत संधारित्रात धरून ठेवावयाचे. ठोका नियमित, मूल्य अनियमित. हा दाब स्वरजनकास दिला की लय अढळ राहते व स्वर यदृच्छेने बदलतात.

बुक्ला यांच्या २६६ क्रमांकाच्या घटकात याहून सूक्ष्म विवेक आहे. त्यात दोन प्रकारचे पायऱ्यापायऱ्यांचे यादृच्छिक दाब मिळतात, आणि नाणेफेकीच्या दृष्टान्ताने त्यांतील भेद स्पष्ट होतो. सहा नाणी फेकून केवळ किती छापे पडले हे मोजले तर ० ते ६ असे सात निकाल संभवतात. पण तीन छाप्यांची शक्यता ६४ मध्ये २०, तर सहा छाप्यांची ६४ मध्ये १. नाण्यांचा क्रमही मोजला तर ६४ निकाल मिळतात व सर्वांची शक्यता समान असते. पहिल्या वाटपात दाब मध्याभोवती घोटाळतो, क्वचित टोकास जातो. दुसऱ्यात तो सर्वत्र सारखाच भटकतो. वादकास येथे स्वर निवडावयाचा नसून संभाव्यतेचे वाटप निवडावयाचे असते. दिंडीतील आघात ठेक्याभोवती दाटलेले व दूर विरळ असतात. ते पहिल्या वाटपाच्या जातीचे होत. बुक्ला यांस वारी ठाऊक होती असे येथे सुचवावयाचे नाही. साम्य आहे ते तत्त्वाचे, प्रभावाचे नव्हे.

५

भारतात हे तंत्र १९६९ मध्ये पोचले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत त्या वर्षी डेव्हिड ट्यूडर यांनी मूग-संच उभारून दिला. त्यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी जॉन केज यांस भारतीय संगीत शिकविले होते व त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतले होते. केज यांनी १९५१ मध्ये चिनी शकुनग्रंथाच्या आधारे, नाणेफेकीने रचलेली पियानो-कृती ट्यूडर यांनीच रंगमंचावर आणली होती. अर्थात यदृच्छेचा विचार येथे यंत्राबरोबर प्रथमच आला असे नव्हे. त्या विचाराच्या घडणीच्या काळात भारतीय संगीताशी त्याचा संवाद झालेला होता. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तेथे रचना केल्या. माथूर यांच्या कृतींच्या शीर्षकांत पक्षीही आहेत आणि तंबोराही.

या फिती नंतर अनेक दशके संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुरगस यांनी एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या उजेडात आणल्या, आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. दरम्यान १९८२ मध्ये मुंबईचे चरणजित सिंग यांनी दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात वापरलेल्या टीआर-८०८ या तालयंत्रात टाळीचा आवाज रवापासूनच घडविलेला आहे. तिचीही दखल फार उशिरा घेतली गेली.

६

या उपेक्षेची कारणे एकाहून अधिक असतील. परंतु ‘हे आपले नव्हे’ ही धारणा त्यांतील एक मानावी लागते. वरील विवेचनावरून ती टिकत नाही. मॉड्युलर सिंथेसायझरच्या इतिहासात रव व यदृच्छा ही बंधनमुक्त अवस्थेत फारशी वावरत नाहीत. गाळणी, ठोका व वाटप यांच्या मर्यादेतच त्यांस अर्थ येतो. ठेका, चाल आणि विणेकऱ्याचे स्थान या मर्यादांत हजारो टाळांचा रव सामावून घेणारी वारी हेच तत्त्व यंत्राविना आचरीत आली आहे.

मात्र प्रचलित स्वरलेखनपद्धती अभंगाची चाल टिपते, समूहाचा रव टिपण्याची सोय तिच्यात नाही. अहमदाबादच्या फिती निदान सापडल्या. जे कधी मुद्रितच झाले नाही ते सापडण्याचा संभव नसतो. बारामती ते इंदापूर या टप्प्यात सरळ रस्ता व गोल रिंगण अशा दोन्ही रचना एकाच सोहळ्यात, थोड्या दिवसांच्या अंतराने उपलब्ध होतात. एकाच दिंडीचे दोन्ही ठिकाणी मापनयुक्त ध्वनिमुद्रण करून आघातांचे वाटप काढणे हे पदव्युत्तर संशोधनाच्या आवाक्यातील काम आहे. ते झाल्यास नादाबरोबर रवालाही संगीताच्या इतिहासात पुराव्यानिशी स्थान देता येईल.