कीर्तनकाराचा आवाज आणि अंग
ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी मोठ्या जमावाशी बोलण्याची कला महाराष्ट्रात कसून घडवली ती कीर्तनाने. नारदीय कीर्तनकार उभ्यानेच बोलतो. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, अभंगाचे निरूपण करताना त्याचा सूर संथ असतो. उत्तररंगात आख्यान रंगले की तोच एकटा राजा, राणी, दूत होतो. मान वळली, आवाज बदलला की पात्र बदलले, हे श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही. मध्येच वाजणारी झांज त्याला श्वास घेऊ देते आणि ऐकणाऱ्याला अर्थ मनात मुरवायला उसंत देते. माझ्या मते ही उसंतच या कलेचे मर्म आहे.

ही किमया संगीताची, वक्तृत्वाची नव्हे, असे कुणी म्हणेल. त्याने कीर्तनकार गाडगेबाबांकडे (१८७६–१९५६) पाहावे. अंगावर चिंध्या, तोंडी वऱ्हाडी बोली, शास्त्रोक्त गायनाचा आधार नाही. ते साधे प्रश्न विचारत आणि जमावाकडूनच उत्तर काढून घेत. लोक केवळ श्रद्धेपोटी ऐकत, हेही पटत नाही. बाबा तर देवापुढे बकरे कापण्यावर, सणासाठी कर्ज काढण्यावर तुटून पडत, म्हणजे समोरच्यांच्या रूढ श्रद्धेलाच हात घालत. तरीही माणसे जागची हलत नसत.